रत्नव्वाची वाकळ आणि हलकर्णीसरांची पँट

गडमुडशिंगीत रत्नव्वा मगदूमच्या जिभेला भिणारी माणसंसुद्धा दिवाळी सरली की जुन्या लुगड्यांची गाठोडी घेऊन तिच्याच दारात यायची. वाकळ शिवून घ्यावी तर तिच्याकडूनच, असं गावाचं मत होतं. चार जुनी लुगडी, दोन धोतरं, एखादा विटका पटका एवढं पुढ्यात टाकलं की पंधरा-वीस दिवसांत अशी जाड, मऊ, ठिगळाठिगळांची वाकळ तयार व्हायची की तिच्यात शिरलेला माणूस सकाळी बाहेर यायचं नाव घेत नसे. तेवढ्या दिवसांत गाठोडं आणणाऱ्या घराची सगळी भानगडही रत्नव्वाला कळायची.

“कापडाला सगळं ठावं असतंय,” ती म्हणायची. “ह्यो पदर बघा. चघळून चघळून चोथा केलाय. सासू बोलती आन् सून पदर चघळती. उलटं बोलाय शिकली असती तर लुगडं वाचलं असतं.”

तिचं माहेर संकेश्वरकडचं, शाळा कानडी, तीही तिसरीपर्यंत. देवाशी ती कानडीत बोलायची आणि नवऱ्याशी मराठीत भांडायची. नवरा शिवलिंग गरीब स्वभावाचा. बायकोचा आवाज चढला की म्हशींना वैरण घालायची राहिलीय, हे त्याला हमखास आठवायचं. त्यामुळं मगदुमांच्या म्हशी सगळ्या गावात धष्टपुष्ट.

अशा या बाईच्या दारात शहाण्णव साली एक रिक्षा थांबली. तिच्यातून प्राध्यापक मृत्युंजय हलकर्णी उतरले आणि त्यांच्या मागून मान वाकवत, पाय गोळा करत एक उंचच उंच गोरी पोरगी. हलकर्णीसर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे आणि लोककलेवर लेख लिहायचे. परदेशी जाऊन तिथल्या विद्वानांपुढं निबंध वाचावा, हा त्यांचा बारा वर्षांचा ध्यास. जगातल्या ज्या ज्या विद्यापीठाचा पत्ता मिळाला तिथं तिथं त्यांनी अर्ज पाठवला होता, आणि सगळीकडून सभ्य भाषेत नकार आले होते. आता हॉलंडहून एक विद्यार्थिनी वाकळांचा अभ्यास करायला आपण होऊन कोल्हापुरात आली म्हटल्यावर सरांनी तिला बोटाला धरूनच आणली. पोरीचं नाव मारलेन. रत्नव्वानं त्याच दिवशी त्याची मालन केली.

मालन पुण्यात मराठी शिकून आली होती. रत्नव्वाची जुनी वाकळ अंगणात पसरली होती, तिच्यापुढं गुडघे टेकून तिनं विचारलं, “ह्या मधल्या चौकोनाचा अर्थ काय आहे?”

“अर्थ?” रत्नव्वा म्हणाली. “आमच्या ह्यांची चड्डी हाय ती. पट्ट्यापट्ट्याची.”

गोठ्यात शिवलिंगनं म्हशीला उगीचच एक थाप मारली. हलकर्णीसरांनी मात्र खिशातून वही काढली आणि गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतलं: मध्यभागी पुरुषतत्त्व.

मालन आली होती आठ दिवसांसाठी, राहिली सहा महिने. रत्नव्वानं तिला माजघरात झोपायला जागा दिली आणि सुनेच्या जोडीनं तिच्याही हातात सुई दिली. पोरीच्या बोटांची चाळण झाली, पण ती हटली नाही. टाका वाकडा गेला की रत्नव्वा तो उसवायची आणि वर चार शिव्या द्यायची. मालन त्या शिव्यासुद्धा वहीत लिहायची. सहा महिन्यांनी ती कॉलेजात सरांना भेटायला गेली आणि निघताना म्हणाली, “सर, मी जातो की!” सरांनी कपाळावर हात मारला. “अहो मारलेन, तुम्ही स्त्री आहात. जाते म्हणायचं.”

“पण रत्नव्वा जातो म्हणतात,” मालन म्हणाली, “आणि त्या नक्की स्त्री आहेत.”

परत जाताना रत्नव्वानं तिला तीन वाकळा दिल्या. अंगणात पसरलेली ती जुनी वाकळही त्यात होती. शिवलिंग हळूच म्हणाला, “अगं, ती तर तू कुणाला हातसुदिक लावू देत न्हाईस.” “तिला दिली,” रत्नव्वा म्हणाली, आणि विषय तिथंच बुडाला.

तीन वर्षं गेली. नव्याण्णवच्या मार्चमध्ये हलकर्णीसर पेढ्यांचा पुडा घेऊन गडमुडशिंगीत हजर. मालन आता तिकडं एका म्युझियममध्ये नोकरीला लागली होती. तिथं देशोदेशीच्या वाकळांचं प्रदर्शन भरणार होतं आणि वाकळ शिवणाऱ्या बाईला महिनाभर बोलावलं होतं.

“रत्नव्वा, आपल्याला हॉलंडला जायचंय!” सर म्हणाले.

“आपल्याला म्हंजे कुणाला?”

“म्हणजे तुम्हाला. आणि दुभाषी म्हणून मला. शिवाय माझा निबंधही ठेवलाय त्यांनी.”

“किती दिस?” शिवलिंगनं विचारलं.

“एक महिना.”

शिवलिंगचा चेहरा असा उजळला की त्याला तो लपवताच आला नाही. “जा की,” तो म्हणाला. “म्हशीचं मी बगतो.”

पासपोर्टच्या चौकशीला हंबीरराव नावाचे हवालदार आले. चहा घेत त्यांनी विचारलं, “कशापायी चाललायसा परदेशाला?”

“वाकळ दाखवाय.”

“तिकडं वाकळ न्हाई व्हय?”

“असंल की. पर कशी पांघरायची ते ठावं नसंल.”

हवालदारांनी कागदावर बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि शेवटी ‘सांस्कृतिक कारण’ असं लिहिलं. निघताना त्यांनीही, घरी आईची दोन लुगडी पडून आहेत, असा विषय काढला.

मुंबईच्या विमानतळावर रत्नव्वाच्या गळ्यातल्या डबीसारख्या चांदीच्या करडगीवर यंत्र पिपाणीसारखं वाजायला लागलं. तपासणीवाल्या बाईनं विचारलं, “यात काय आहे?” रत्नव्वानं करडगी उघडून इष्टलिंग तळहातावर घेतलं. “देव हाय. ह्येच्यात बाँब बसतोय व्हय, सांग?” ‘बाँब’ शब्द ऐकताच हलकर्णीसर धावत पुढं आले. दहा मिनिटं ते दोन अधिकाऱ्यांना लिंगायत परंपरा समजावून देत होते, तोवर त्या बाईनं मुकाट्यानं देवाला नमस्कार करून रत्नव्वाला पुढं सोडलंही होतं.

मे महिना होता, पण हॉलंडात अशी गारठा आणणारी हवा की रत्नव्वाचे दात वाजायला लागले. पाहुण्यांच्या खोलीत पांघरायला पिसं भरलेली पांढरी दुलई होती. वजनच नाही. अंगावर काही आहे असं वाटेना, म्हणून ती उठून पुन्हापुन्हा चाचपून बघायची. सकाळी म्युझियममध्ये गेली तर आपली जुनी वाकळ काचेआड भिंतीवर टांगलेली, खाली नंबर, वरून मंद दिवा. रत्नव्वाला वाटलं, बरं झालं, ही सापडली.

“मालन, एवढी काढून दे गं. महिनाभर पांघरतो आन् जाताना परत टांगतो.”

मालनचा चेहरा पडला. वाकळ आता संग्रहातली वस्तू झाली होती. हात लावायचा तर पांढरे मोजे घालावे लागत, आणि पांघरायचं तर नावच नको. म्युझियमचे संचालक यान म्हणून होते, बांबूसारखे उंच आणि फार सभ्य. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

“म्हंजे म्या शिवली, म्या धुतली, माझी पोरं तिच्यावर मुतली,” रत्नव्वा म्हणाली, “आन् आता मलाच शिवायची न्हाई?”

“काय म्हणाल्या त्या?” यानसाहेबांनी विचारलं.

हलकर्णीसर म्हणाले, “तीन पिढ्यांचा स्पर्श या वस्त्राला झाला आहे, असं त्या म्हणतात.”

मालन खाली मान घालून खोकली. संध्याकाळी तिनं स्वतःच्या घरातलं जाड घोंगडं आणून दिलं, आणि तेवढ्यावर रत्नव्वा शांत झाली. बरोबर आणलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दोघी मिळून खायच्या. सरांनाही चटणी लागायची, पण यानसाहेबांसमोर ते काट्याचमच्यानं चीज खायचे आणि मग खोलीत येऊन हात पुढं करायचे.

तिसऱ्या दिवशी रत्नव्वाचं पहिलं भाषण होतं. मालन नेमकी तापानं पडली होती, त्यामुळं सगळी भिस्त सरांवर. सत्तरऐंशी माणसं आलेली, बहुतेक म्हाताऱ्या बायका. रत्नव्वा काठीनं लांबून ठिगळं दाखवत बोलायला लागली. मधल्या चौकोनापाशी आल्यावर तिनं तो चड्डीचा किस्सा काढला. शिवलिंगची एकुलती एक पट्ट्याची चड्डी तिनं वाकळेत घातली, तो दोन दिवस घर धुंडाळत होता, म्हशीनं खाल्ली म्हणून त्यानं म्हशीचं तोंड उघडून बघितलं, आणि दोन्ही रात्री तो झोपला त्याच चड्डीखाली. या गोष्टीला गडमुडशिंगीत मयताच्या घरीसुद्धा माणसं हसली होती.

इथं कुणी हसलं नाही. सर पाच मिनिटं भरल्या आवाजात काहीतरी सांगत होते. माणसं गंभीरपणे माना डोलवत होती. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं रुमालानं डोळे पुसले.

रत्नव्वाला इंग्रजी येत नव्हतं, पण आपली गोष्ट कुठं पोचते आणि कुठं नाही, हे कळायला इंग्रजी लागत नाही. बाहेर येताच तिनं सरांना गाठलं.

“सर, म्या काय सांगितलं आन् तुमी काय सांगितलासा?”

“अहो, तुमच्या शब्दांना जरा उंची दिली.”

“ती म्हातारी कशापायी रडली?”

सर चाचरले. “मी म्हटलं... घरधनी दूर गेला तरी त्याची ऊब वस्त्राच्या मध्यभागी राहते.”

“मारलासा व्हय माझ्या नवऱ्याला?” रत्नव्वा ओरडली. “तिकडं म्हशीला वैरण घालतोय त्यो! आन् हितं त्या बाईला रडवलासा!”

सरांनी तिला समजावलं की हे विद्वानांचं काम असतं, इथल्या लोकांना अर्थ हवा असतो, चड्डी सांगितली तर कोल्हापूरची काय अब्रू राहील. रत्नव्वानं पदर कमरेला खोचला आणि चालू लागली. शिवलिंग तिथं असता तर त्याला लगेच म्हशींची वैरण आठवली असती.

पुढच्या शनिवारी मुख्य कार्यक्रम. आधी रत्नव्वाचं बोलणं, मग हलकर्णीसरांचा निबंध. पंधरा वर्षांचं स्वप्न म्हणून सरांनी खास महाद्वार रोडवर शिवून घेतलेला करडा सूट चढवला होता. कार्यक्रमाला पंधरा मिनिटं असताना मागच्या खोलीत निबंधाचे कागद हातातून सुटले. सर गोळा करायला वाकले, आणि चर्र असा आवाज झाला. पँट मागून थेट कमरेपासून फाटली होती. वाकळेतलं जुनं धोतरसुद्धा इतक्या मोकळेपणानं फाटत नाही.

“रत्नव्वा,” सर भिंतीला पाठ लावून म्हणाले, “सुई आहे का?”

सुई तिच्या बटव्यात कायमच असायची. तिनं सरांना पँट काढायला लावली. सर एका उघड्या कपाटाच्या दाराआड उभे राहिले, खाली निबंध धरून. रत्नव्वानं पँट उजेडात धरली. शिवण उसवली नव्हती, कापडच विरलं होतं. ठिगळाशिवाय भागणार नव्हतं. तिच्याजवळ दाखवायला आणलेल्या तुकड्यांपैकी इरकली लुगड्याचा एक हिरवागार तुकडा उरला होता, लाल काठासकट.

“दुसरं काही नाही का? काळं, करडं?”

“न्हाई.”

“बरं, लावा. मी लोकांकडं तोंड करूनच उभा राहीन.”

रत्नव्वानं ठिगळ बसवलं, तीन बाजू पक्क्या केल्या आणि सुई थांबवली.

“सर, आज म्या जे बोलंन तेच सांगणार का?”

“अहो, वेळ काय, तुमचं काय!”

“चड्डी म्हटलं की चड्डी. मुतली म्हटलं की मुतली. कबूल असंल तर चवथी बाजू शिवतो. न्हाईतर हितंच बसा कागुद धरून.”

बाहेर यानसाहेबांनी स्वागताला सुरुवात केली होती. कपाटाआडून सरांचा आवाज आला, “कबूल.”

त्या दिवशी मालनही ताप उतरून पहिल्या रांगेत बसली होती, त्यामुळं पळवाट उरली नव्हतीच. रत्नव्वानं किस्सा सांगितला. सर चड्डीपाशी एकदा अडखळले, आणि मग एकदाचं बोलून टाकलं. मग मागच्या बाजूला कुणीतरी फसकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. म्हशीचं तोंड उघडून बघितलं म्हटल्यावर यानसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. सरांना आयुष्यात पहिल्यांदाच श्रोते हसताना दिसले होते. त्यांनाही चव लागली. पुढचं ते रत्नव्वासारखे हातवारे करून सांगायला लागले.

हसण्याच्या भरात रत्नव्वाची काठी खालच्या कोपऱ्यातल्या एका लहानशा निळ्या ठिगळावर गेली. ते सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं.

“ह्यो माझा परकर,” ती म्हणाली. “शाळंचा. चवथीत जायच्या आदी आप्पानं शाळा सोडवली. म्या मास्तरणीच्या वट्ट्यावर बसून राहिलो दोन दिस. मग आईनं परकर कापून फडकं केलं, त्यातला येवढा तुकडा म्या लपीवला. लगीन झाल्यावर वाकळंत घातला. कुणाला सांगितलं न्हाई, आमच्या ह्यांनाबी न्हाई. मग ही मालन आली. एवढी मोठी घोडी, तरी शिकतीच हाय. म्हटलं, शिकणारीच्या घरात जाऊ दे ही.”

तीन वर्षं हलकर्णीसरांनी त्या वाकळेवर लिहिलं होतं. तिच्या वर्तुळांवर, तिच्या दिशांवर, तिच्या पुरुषतत्त्वावर. त्या निळ्या ठिगळावर एक ओळ नव्हती. त्यांनी रत्नव्वा जेवढं बोलली तेवढंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही, सांगितलं. मालन रडत होती, उघडउघड, नाक ओढत.

मग सरांचा निबंध झाला. फळ्यावरचा पडदा सरकवायला ते सवयीनं वळले, आणि हिरवं इरकली ठिगळ लाल काठासकट साऱ्या सभागृहाला दिसलं. आधी कुजबूज झाली आणि मग टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, विद्वानानं विषय अंगावर वागवलाय. निबंध कुणाला आठवला नाही, पण पँट कुठं मिळते हे तिघांनी विचारलं. त्यातले एक यानसाहेब.

कार्यक्रमानंतर मागच्या वेळी रडलेली ती म्हातारी पुढं आली. तिचं नाव कोर्नेलिया. तिनं पिशवीतून एक निळ्या रेघांचा जुना पंचा काढून रत्नव्वाच्या हातात दिला आणि आपल्या भाषेत काहीतरी बडबडली. नवरा, आणि तो खरंच गेलेला, एवढं हातवाऱ्यांवरून कळलं. रत्नव्वानं पंचा नाकाशी नेला, उजेडात धरला, आणि मान हलवली. “चांगला मानूस असणार. कडा घासल्यात, पर मधी डाग न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून म्युझियमच्या हॉलमध्ये, काचांच्या मधोमध, नवी वाकळ पसरली गेली. कोर्नेलिया रोज चारपाच जणींना घेऊन यायची. त्या डचमध्ये बोलायच्या, रत्नव्वा मराठीत आणि टाका चुकला की कानडीत. सर दुभाषी म्हणून जवळ बसायचे, पण दोन दिवसांत कळलं की त्यांची गरजच नाही. मग त्यांना दोरा ओवायला लावलं. यानसाहेबांनी आपला टाय दिला. शेवटच्या आठवड्यात म्युझियममध्ये येणारी माणसं टांगलेल्या वाकळा सोडून ह्या बायकांभोवतीच उभी राहायला लागली, आणि मोज्यांचा नियम त्या हॉलपुरता कुणीतरी गुपचूप काढून टाकला.

परत आल्यावर कोल्हापुरात सत्कार झाला. एका पुढाऱ्यानं सातासमुद्रापलीकडे कोल्हापूरचा झेंडा वगैरे म्हणत शाल घातली. रत्नव्वानं स्टेजवरच शाल बोटांत धरून बघितली आणि माईकवर म्हणाली, “ह्यातनं वारं जातंय वो.” हलकर्णीसरांचं पुस्तक दोन वर्षांनी आलं. त्यात तत्त्वं कमी आणि माणसं जास्त होती. कुठल्या वाकळेत कुणाचं लुगडं, कुणाचा सदरा, कुणाची भानगड. विद्वानांना ते फारसं रुचलं नाही, पण गडमुडशिंगीत ते घराघरांतून फिरलं आणि दोन कुटुंबांत त्यावरून भांडणंही लागली.

दोन हजार चार साली जपानहून बोलावणं आलं. शिवलिंगनं लगेच म्हशींचं आपण बघतो म्हणून सांगून टाकलं. पण रत्नव्वाचे गुडघे धरले होते, आणि तिनं सुनेला पाठवायचं ठरवलं. सून दानेश्वरी बी. ए. झालेली, हात चांगला, पण सासूपुढं तोंडातून शब्द काढत नसे. “मला जमंल का, अव्वा?” तिनं विचारलं. “न जमाय काय झालं? सुई तीच, टाका तोच. फकस्त दुभाष्यावर डोळा ठेव.”

दानेश्वरीच्या तिकडच्या चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. रत्नव्वानं भाकरीचं पीठ लागलेल्या हातानंच रिसीव्हर उचलला.

“अव्वा, काल भाषण झालं,” दानेश्वरी सांगत होती. “कला कुणाकडनं शिकलासा, म्हणून विचारलं.”

“मग?”

“सांगितलं, सासूकडनं. शिव्या खात शिकलो.”

“तसंच सांगितलं त्या दुभाष्यानं?”

“व्हय. एक शिवी देऊन दाखवा म्हणाले. मग दाखवली.”

“कुठली?”

दानेश्वरीनं सांगितली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि तिच्या तोंडून एवढी दणदणीत कानडी शिवी रत्नव्वानं पहिल्यांदा ऐकत होती. ती फोन कानाला धरून, पदर तोंडाला लावून इतकी हसली की शिवलिंग गोठ्यातून धावत आला. काय झालं, काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. रत्नव्वानं हातानंच त्याला गप्प केलं आणि सुनेला म्हणाली, “आणखी एकदा म्हण. पर शेवटाला जरा जोर दे.”